वाळण्याचे शास्त्र : सच्छिद्र सिलिका आणि सिलिकॉन

(द्वितीय वर्ष, कला)

वाळणे ही आपल्या नित्य पाहण्यातली क्रिया आहे. उन्हाळ्यात अंगणात कुरडया, पापड, सांडगे वाळत पडतात. सारवलेली जमीन वाळते, लिंपलेली भिंत वाळते. काळ्या रानातले पाणी आटले की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या सगळ्या ठिकाणी पाणी निघून जाते आणि पदार्थ मागे राहतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण मागे राहिलेला पदार्थ पहिल्यासारखा असतो काय? कुरडई आकसते, भिंत तडकते, रान फाटते. म्हणजे पाणी मुकाट्याने निघून जात नाही, जाता जाता ते पदार्थाला ओढते. ही ओढ किती मोठी असते, तिच्यामुळे पदार्थाची आतली रचना कशी ढासळते आणि ती वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांनी कोणकोणते मार्ग शोधले, हे सच्छिद्र सिलिका आणि सिलिकॉन या दोन पदार्थांच्या आधारे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का पडावे, असे एका मैत्रिणीने विचारले. त्याचे उत्तर एवढेच की आमचे घर कुंभारकीचे आहे. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. मडके कसे वाळवावे यावर घरात जेवढे बोलणे होते तेवढे दुसऱ्या कशावर क्वचितच होत असेल. ग्रंथालयात या विषयावरचे वाचन हाती आले तेव्हा ते मला परके वाटले नाही. शब्द तेवढे नवे होते.

सिलिकॉन आणि सिलिका

आधी या दोन नावांतला भेद स्पष्ट करते. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे. संगणकाच्या चकत्या त्याच्याच बनवतात. सिलिकॉनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की सिलिका होते. नदीतली पांढरी वाळू ही मुख्यत्वे सिलिकाच. दोन्ही पदार्थ घन आणि कठीण आहेत. पण त्यांना सच्छिद्र करता येते, म्हणजे त्यांच्या पोटात अतिसूक्ष्म पोकळ्यांचे जाळे निर्माण करता येते. या पोकळ्या नॅनोमीटरमध्ये मोजतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

नव्या चपलांच्या खोक्यात किंवा औषधाच्या डबीत एक लहान पुडी असते आणि तिच्यात साबुदाण्यासारखे दाणे असतात. ती सिलिका जेल होय. अशा एक ग्रॅम दाण्यांच्या आतल्या सर्व पोकळ्यांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे सातशे चौरस मीटरपर्यंत भरते. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर दाण्यांत सात गुंठे जमीन! हवेतला दमटपणा शोषून घेण्याची शक्ती या क्षेत्रफळातून येते.

सिलिकाची ही जाळी पाण्यातच जन्माला येते. सोडियम सिलिकेटच्या पाण्यात आम्ल मिसळले की सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्या माळा होतात आणि माळांचे जाळे होते. थोड्या वेळाने भांड्यातले सगळे द्रव थिजते. हा झाला ओला जेल. त्यात घन भाग थोडा आणि पाणीच फार. जाळीच्या प्रत्येक पोकळीत पाणी भरलेले असते. आता हे पाणी काढायचे आहे, आणि खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पाण्याची ओढ

पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो हे शाळेतल्या पुस्तकात आपण वाचले आहे. बारीक नळीत पाणी वर चढते ते त्यामुळेच. ओल्या जेलमधल्या पोकळ्या म्हणजे अशाच, पण फारच बारीक नळ्या. पाणी उडू लागले की प्रत्येक पोकळीच्या तोंडाशी त्याचा पृष्ठभाग आत वळतो, वाटीसारखा खोलगट होतो आणि आतले पाणी ताणले जाते. हे ताणलेले पाणी पोकळीच्या भिंतींना आत ओढते.

ही ओढ मोजण्याचे सूत्र सोपे आहे. पृष्ठताणाची दुप्पट करायची आणि तिला पोकळीच्या त्रिज्येने भागायचे. त्रिज्या जितकी लहान, ओढ तितकी मोठी. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या पोकळीत पाण्याची ओढ सुमारे १४० वातावरणांइतकी भरते. मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो तिचा जादा दाब सुमारे दोन वातावरणांइतका असतो, म्हणजे ही ओढ त्याच्या सत्तरपट झाली. मोटारीचे चाक जाड रबराचे असते. जेलच्या जाळीची भिंत मात्र काही थोड्या नॅनोमीटर जाडीची. ती कशी टिकावी?

हे एवढ्यावर थांबत नाही. सिलिकाच्या भिंतीवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे गट जागोजाग लटकलेले असतात. ओढीमुळे समोरासमोरच्या भिंती जवळ आल्या की या गटांची आपसांत अभिक्रिया होते, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोन भिंती कायमच्या जोडल्या जातात. मग ओढ संपली तरी भिंती मागे सरत नाहीत.

तिसरे संकट असमान वाळण्याचे. बाहेरचा थर लवकर वाळून आकसू पाहतो आणि आतला ओला भाग त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत तडा जातो. सर्वांत धोक्याचा क्षण कोणता, हेही अभ्यासकांनी निश्चित केले आहे. आरंभी जितके पाणी उडते तितका जेल आकसत जातो आणि त्याचा पृष्ठभाग ओलाच राहतो. मग अशी वेळ येते की जाळी आणखी दबू शकत नाही. आकसणे थांबते आणि पाण्याचा पृष्ठभाग पोकळ्यांच्या आत शिरू लागतो. या वेळी ओढ कमाल असते आणि बहुतेक तडे याच सुमारास जातात.

उघड्यावर वाळवणे

जेल नुसता उघड्या हवेत ठेवला तर काय होईल ते आता सांगायला नको. तो आकसून मूळ आकारमानाच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढा उरतो. अशा पदार्थाला झेरोजेल म्हणतात. ग्रीक भाषेत ‘झेरोस’ म्हणजे कोरडा. पुडीतली सिलिका जेल ही या जातीची. तिच्यात पोकळ्या राहतात, पण त्या दबून लहान झालेल्या असतात. ओलावा शोषण्याच्या कामाला ती उत्तम, म्हणून ही पद्धत वाईट असे म्हणता येणार नाही. मात्र ओल्या जेलची मूळ पसरट, मोकळी जाळी तिच्यात उरत नाही.

वाळवण्यापूर्वी ओला जेल काही दिवस त्याच्याच द्रवात तसाच ठेवला तर नुकसान कमी होते. या मुदतीत सिलिकाचा काही अंश विरघळून कणांच्या सांध्यांवर पुन्हा जमतो आणि सांधे जाड होतात. शास्त्रज्ञ याला जेलचे वय वाढवणे म्हणतात. आमच्या घरी त्याला मुरवणे म्हटले असते.

किस्लरची युक्ती

ओल्या जेलची जाळी जशीच्या तशी ठेवून त्यातले द्रव काढता येईल काय, हा प्रश्न अमेरिकेतील सॅम्युएल किस्लर या रसायनशास्त्रज्ञाने हाती घेतला. कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या महाविद्यालयात तो शिकवत असे. त्याची विचारसरणी सरळ होती. जाळी मोडते ती द्रवाच्या पृष्ठभागामुळे. तेव्हा द्रव असे काढावे की वाटेत पृष्ठभागच निर्माण होणार नाही.

हे अशक्य वाटते, पण निसर्गात त्याला वाट आहे. प्रत्येक द्रवाचे एक क्रांतिक तापमान आणि क्रांतिक दाब असतो. त्यापलीकडे गेले की द्रव आणि वाफ हा भेद उरत नाही, दोहोंमधली सीमारेषा पुसली जाते. सीमाच नाही तर पृष्ठभाग नाही, आणि पृष्ठभाग नाही तर ताणही नाही. म्हणून जेल मजबूत बंद भांड्यात ठेवायचा, तापमान आणि दाब दोन्ही क्रांतिक बिंदूच्या वर न्यायचे, मग तापमान तसेच राखून दाब हळूहळू सोडायचा. आतले द्रव वायू होऊन निघून जाते आणि जाळीला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाण्याचा क्रांतिक बिंदू ३७४ अंश सेल्सियस आणि सुमारे २१८ वातावरणे एवढा वर आहे. शिवाय इतक्या तापलेल्या पाण्यात सिलिकाची जाळीच विरघळू लागते. म्हणून किस्लरने जेल धुऊन त्यातले क्षार काढले आणि पाण्याच्या जागी अल्कोहोल भरले. इथिल अल्कोहोलचा क्रांतिक बिंदू २४१ अंश आणि सुमारे ६१ वातावरणे आहे. या मार्गाने मिळालेल्या पदार्थाला त्याने एरोजेल हे नाव दिले आणि १९३१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपले काम प्रसिद्ध केले. सिलिकावरच तो थांबला नाही. जिलेटिन, अगर, एवढेच नव्हे तर अंड्यातला पांढरा भाग यांचेही एरोजेल त्याने करून पाहिले.

सिलिकाच्या एरोजेलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो. हातात घेतला तर वजन जाणवत नाही. दिसायला निळसर धुराचा तुकडा. त्याच्या पोकळ्या इतक्या लहान असतात की हवेच्या रेणूंना एकमेकांवर आदळायलाही पुरती जागा मिळत नाही. त्यामुळे उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तो स्थिर हवेपेक्षाही मंद ठरतो. म्हणूनच १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या गाडीत उष्णतारोधक म्हणून त्याचा उपयोग झाला. ‘स्टारडस्ट’ या यानाने २००४ साली विल्ट-२ या धूमकेतूजवळून जाताना सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येणारे धुळीचे कण एरोजेलमध्ये झेलले आणि २००६ साली ते पृथ्वीवर आणले. पुडीतली सिलिका आणि धूमकेतूची धूळ झेलणारी सिलिका द्रव्याने एकच आहेत. मुख्य फरक वाळवण्याचा आहे.

दुसरे मार्ग

किस्लरच्या मार्गात दोन अडचणी होत्या. पाणी काढून अल्कोहोल भरण्यात फार काळ जाई. फ्रान्समधील लियाँ येथे टाइश्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ च्या सुमारास सिलिकॉनचे सेंद्रिय संयुग वापरून जेल अल्कोहोलमध्येच बनवला आणि ही अडचण दूर केली. दुसरी अडचण जिवावरची होती. तापलेले अल्कोहोल प्रचंड दाबाखाली कोंडणे म्हणजे आगीशी खेळ. स्वीडनमधील स्योबो येथील एका कारखान्यात १९८४ साली अशा भांड्यातून मिथिल अल्कोहोल गळून स्फोट झाला.

पुढच्याच वर्षी, १९८५ साली, अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तेवारी, हंट आणि लॉफ्टस यांनी अल्कोहोलच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड भरून तो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याचा क्रांतिक बिंदू अवघा ३१ अंश आणि ७३ वातावरणे आहे, आणि तो पेट घेत नाही. पण वाळवण्याची रीत बदलली की पदार्थाचा स्वभावही बदलतो, हे इथेही दिसते. तापलेल्या अल्कोहोलमधून निघालेल्या एरोजेलच्या भिंतीवर अल्कोहोलचे अंश जोडले गेलेले असतात, म्हणून तो पाणी झिडकारतो. कार्बन डायऑक्साइडच्या मार्गाने निघालेला एरोजेल मात्र पाणी ओढून घेतो.

गोठवून वाळवणे हा आणखी एक मार्ग. द्रव गोठवायचे आणि निर्वातात त्याचे संप्लवन करायचे, म्हणजे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन जाईल. इथेही द्रवाचा पृष्ठभाग टाळला जातो. पण पाणी गोठताना फुगते, त्याचे स्फटिक वाढतात आणि नाजूक जाळी फाडतात. त्यामुळे हाती पुष्कळदा अखंड तुकड्याऐवजी भुकटी येते.

पुढची पद्धत मला स्वतःला सर्वांत चातुर्याची वाटते. वाळताना जेल आकसतो, आकसू दे. भिंती एकमेकींना चिकटतात तेवढे टाळावे. त्यासाठी ट्रायमेथिलक्लोरोसिलेन या द्रव्याने भिंतीवरचे चिकटणारे गट आधीच झाकून टाकायचे. मग साध्या दाबाखाली वाळवताना जाळी दबते खरी, पण द्रव निघून गेल्यावर दाबलेल्या स्पंजासारखी पुन्हा वर येते. न्यू मेक्सिकोतील ब्रिंकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली या रीतीने एरोजेलचे पातळ थर बनवून दाखवले. अवजड दाबपात्राची गरजच संपली.

या संशोधनात आपल्या महाराष्ट्राचाही भाग आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागाच्या एअर ग्लास प्रयोगशाळेत प्रा. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सिलिका एरोजेलवर दीर्घकाळ काम केले. पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळून जाईल असे एरोजेल त्यांनी २००३ साली आणि वाकवता येतील असे लवचिक एरोजेल २००६ साली प्रसिद्ध केले. स्वस्त सोडियम सिलिकेटपासून, साध्या दाबाखाली वाळवून एरोजेल करण्याचे प्रयोगही तेथे झाले. धूमकेतूपर्यंत गेलेला हा पदार्थ पंचगंगेच्या काठीही तयार होत होता, हे वाचून मला विशेष आनंद झाला.

सच्छिद्र सिलिकॉन

आता सिलिकॉनकडे वळू. इथे जाळी जुळवून बनत नाही, कोरून बनते. हायड्रोफ्लुओरिक आम्लात सिलिकॉनची चकती ठेवून वीज सोडली की तिच्यात सूक्ष्म छिद्रे पडत जातात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर उलिर आणि इंगेबोर्ग उलिर यांना १९५६ च्या सुमारास हा प्रकार आढळला. त्यानंतर बराच काळ त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. १९९० साली इंग्लंडमधील ली कॅनहॅम याने दाखवून दिले की छिद्रे इतकी वाढवली की मध्ये फक्त काही नॅनोमीटर जाडीच्या तारा उराव्यात, तर अतिनील किरणांखाली सिलिकॉन तांबडा प्रकाश देतो. एरवी सिलिकॉन हा प्रकाश देण्याच्या बाबतीत अगदी मंद. त्यामुळे या शोधाने मोठी खळबळ उडाली.

पण जितकी छिद्रे अधिक, तितक्या तारा बारीक आणि वाळताना मोडण्याचे भयही तितकेच मोठे. आम्लातून काढलेला थर धुऊन हवेत ठेवला की वाळता वाळता तो भेगाळे, त्याचे पापुद्रे सुटत. म्हणजे जी रचना पाहायची तीच पाहण्यापूर्वी नाहीशी होई. यावर एक उपाय म्हणजे पृष्ठताण कमी असलेले द्रव भरणे. पाण्याचा पृष्ठताण ७२ धरला तर इथिल अल्कोहोलचा २२ आणि पेंटेनचा १६ भरतो. पेंटेन पाण्यात मिसळत नाही, म्हणून मध्ये अल्कोहोलची पायरी घ्यावी लागते. एवढ्याने ओढ चौथाईपेक्षा कमी होते आणि बरेच थर वाचतात. फारच विरळ थरांना मात्र तेही पुरत नाही. १९९४ साली कॅनहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किस्लरचाच मार्ग सिलिकॉनला लावला आणि ९५ टक्क्यांपर्यंत पोकळी असलेले, तरीही अभंग असे थर मिळवले. त्रेसष्ट वर्षांपूर्वीची युक्ती दुसऱ्याच पदार्थाला तारून गेली.

कुंभाराच्या अंगणात

हे सारे वाचताना मला आमचे अंगण वारंवार आठवत होते. चाकावरून उतरलेले मडके कोणी उन्हात ठेवत नाही. ते सावलीत, वाऱ्याच्या आड ठेवतात आणि वर ओले गोणपाट टाकतात. काठ लवकर वाळतो आणि बूड मागे राहते, म्हणून काठावर ओले फडके ठेवतात. बाहेरचे आणि आतले एकाच वेळी वाळावे, हा त्यातला हेतू. माती आधी दिवसेंदिवस मुरवतात. तिच्यात राख आणि लीद घालतात, त्यामुळे माती मोकळी होते आणि पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मातीचा रंग फिका पडू लागला की आजोबा म्हणतात, “आता सांभाळा, हीच वेळ तडकायची.” आकसणे थांबून पाण्याचा पृष्ठभाग छिद्रांच्या आत शिरण्याची जी वेळ शास्त्रज्ञांनी सांगितली, ती हीच. आजोबांनी ती रंगावरून ओळखली.

अर्थात दोन्हींत फरक आहे, आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. मातीचे कण मोठे, त्यांतल्या फटी मोठ्या, म्हणून ओढही पुष्कळ कमी. कुंभाराला आकसणे हवेच असते, कारण कण जवळ आल्यावाचून मडके भक्कम होत नाही. एरोजेल करणाऱ्याला ते मुळीच नको असते. शिवाय आजोबांना वेळ ओळखता येते, पण ओढ किती ते सांगता येत नाही, आणि मोजल्यावाचून पेंटेन किंवा कार्बन डायऑक्साइड सुचणार नाही. हातांचे ज्ञान आणि सूत्राचे ज्ञान यांची जागा वेगवेगळी आहे. तरीसुद्धा दोघांचा विषय एकच आहे, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. शाळेत केशाकर्षणाचा धडा झाला तेव्हा काचेची नळी दाखवली गेली. मडक्याचे उदाहरण कोणी दिले असते तर वर्गातल्या आमच्यासारख्या मुलामुलींना आपलेही घर त्या पुस्तकात आहे असे वाटले असते.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर पदार्थाची रचना तो घडतानाच ठरते असे नाही. त्यातले द्रव कोणत्या वाटेने बाहेर पडते यावरही ती ठरते. तोच ओला जेल उघड्यावर वाळला तर झेरोजेल, क्रांतिक बिंदूपलीकडून वाळला तर एरोजेल, गोठवून वाळवला तर बहुधा भुकटी. सच्छिद्र सिलिकॉनचा थर एका रीतीने वाळवला तर अखंड, दुसऱ्या रीतीने पापुद्रे. म्हणून या क्षेत्रातले अभ्यासक पदार्थ कसा बनवला याबरोबर तो कसा वाळवला हेही काळजीने नोंदवतात.

विज्ञानशाखेच्या वाचकांना यातले पुष्कळसे ठाऊक असेल. त्यांना विनंती एवढीच की एखाद्या सुटीत जवळच्या कुंभारवाड्यात जाऊन मडकी वाळताना पाहावीत. आणि कलाशाखेतल्या माझ्या सोबत्यांनी पुढच्या वेळी ती लहान पुडी टाकून देण्यापूर्वी तिच्यातला एक दाणा तळहातावर घेऊन क्षणभर न्याहाळावा.